बारंगे सर आणि एका दिशेचे धागे

बारंगे सरांच्या घरी चहाच्या कपाचा कान उजवीकडे असायचा. तुम्ही डावखुरे असा, तहसीलदार असा, नाहीतर घरचे जावई असा, कप पुढे यायचा तो कान उजवीकडे करूनच. चहा पिऊन तुम्ही कप कसाही ठेवला तर सर बोलता बोलता हात लांबवायचे, कप फिरवायचे, कान जागेवर आणायचे आणि मगच पुढचं वाक्य बोलायचे. एकदा मी मुद्दाम कप फिरवत बसलो. मी फिरवला की ते फिरवायचे. शेवटी मीच कंटाळलो, ते कंटाळले नाहीत.

"भाऊ," ते म्हणाले, "वस्तू कशी आहे ते नंतर पाहावं. वस्तू कशी बसली ते आधी पाहावं. बैठक चुकली का सगळं चुकलं."

हे त्यांचं रोजचं वाक्य. कॉलेजातली पोरं त्यांच्यामागे त्यांना 'बैठक सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं. नाव ठेवलं तर ठेवलं, नीट बसलं ना, एवढंच ते म्हणाले असते.

पांढुर्ण्याच्या बाजारात माझं कापडाचं दुकान. दुकानामागे घर, त्याचं तोंड मागच्या गल्लीकडे, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून सरांचं घर. दोन्ही घरांपुढे मिळून एकच लांब ओटा. सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, मी दुकानात लुगडी, धोतरं आणि शर्टाचं कापड विकायचो, आणि आमचं भांडण असायचं ते या ओट्यावरून. माझ्या मालाचे गठ्ठे नागपूरहून आले की हमाल ते ओट्यावर टाकून जायचा. सकाळी उठून पाहावं तर सगळे गठ्ठे माझ्या बाजूच्या कडेला, एका रांगेत, दोऱ्यांच्या गाठी एका बाजूला केलेल्या. हे काम कोणाचं ते विचारायची गरज नव्हती.

"सर, माझा माल आहे तो."

"मग मी कुठं नाही म्हणून राहिलो? तुमचाच आहे. वाटेत नको एवढंच."

"कोणाच्या वाटेत? ओट्यावरून हत्ती जाते का?"

सर हसायचे आणि कॉलेजात निघून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्यांच्या दारात चपला काढायच्या तर टोकं रस्त्याकडे, टाचा भिंतीला. खुर्च्या होत्या त्या फरशीच्या रेघेला लावून. पाण्याच्या तांब्यावरचं फुलपात्र, दाराची कडी, खुंटीवरची छत्री, काडेपेटी, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. माझी बायको म्हणायची, यांच्या घरात जायचं म्हणजे परीक्षेला बसायचं. संक्रांतीला हळदीकुंकवाला जाऊन आली की आधी ती पाय पसरून आडवी व्हायची.

गावाला या वेडाचा एकच फायदा झाला. त्या दिवसांत गल्लीत नुकते टीव्ही येऊ लागले होते आणि ज्याच्या त्याच्या घरावर अँटेना उभे राहत होते. वारा सुटला की अँटेना फिरायचा, पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि सगळे सरांकडे धावायचे. सर छपरावर चढायचे, नळी दोन बोटांनी धरायचे, कान देऊन ऐकल्यासारखे उभे राहायचे आणि जरासं वळवायचे. खाली पोरं ओरडायची, आलं, आलं. साऱ्या गल्लीचे अँटेना त्यांनी लावले, पण स्वतःच्या घरी टीव्ही घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कायले? रेडिओ आहे ना."

"पगार तर चांगला आहे तुमचा."

"हाव, पगार आहे. पण रेडिओ पण चांगला आहे."

चिक्कू माणूस, मी मनात म्हटलं. गल्लीतल्या बाकीच्यांनी ते उघड म्हटलं.

त्यांच्या बायकोबद्दल मात्र गल्लीचं मत चांगलं नव्हतं. सुमनवहिनी दिसायला छान, उंच, नेहमी नीटनेटक्या, पण बाजारात समोरून आल्या तर ओळख म्हणून द्यायच्या नाहीत. तुम्ही हसा, मान हलवा, त्या सरळ पुढे. घरी गेलं तर दारात तुम्ही चांगले उभे असताना विचारायच्या, "कोण?" अहो, मी भिंतीपलीकडचा, रोजचा. "मी आहे वहिनी," म्हटलं की मग गोड हसायच्या. प्रोफेसराची बायको आहे, तिच्या नाकावर माशी बसत नाही, असं बायका म्हणायच्या. माझ्या बायकोचं तेवढं जमायचं, कारण ती दारापासूनच बडबडत आत शिरायची.

सौंसरला एका लग्नात तर सरांनी कहरच केला. पंगत बसली, इकडे पुरुष, तिकडे बायका. वाढपी पोरगं नवं होतं, त्यानं बायकांच्या रांगेत लोणचं उजवीकडे वाढलं आणि भाजी डावीकडे. मीठ कुठं तर मधोमध. आता कोणाला भूक लागलेली असताना हे दिसते? सर पुरुषांच्या पंगतीतून उठले, बायकांच्या रांगेत गेले, सुमनवहिनींच्या पानापुढे उकिडवे बसले आणि स्वतःच्या हातानं चटणी-लोणचं डावीकडे, भाजी उजवीकडे, मीठ वर, असं सगळं लावून आले. वर त्या पोराला म्हणाले, "बेटा, पानाला जागा असतात. तुझ्या आईनं शिकवलं नाही का?" बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. वहिनी मान खाली घालून जेवायला लागल्या. परत आल्यावर मी म्हटलं, "सर, बाकीच्या बायकांनी काय पाप केलं? त्यांचंही पान लावून द्यायचं होतं."

"त्यांचं त्या पाहतील," सर म्हणाले, आणि भात कालवायला लागले.

देवाधर्माचं त्यांना वेड नव्हतं. पण शनिवारी कधी कधी वहिनींना घेऊन बसनं जामसांवलीला जायचे. मला संधीच मिळाली. म्हटलं, "काय सर, सायन्सवाले मारुतीच्या पाया पडायला?" ते गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, साऱ्या मुलखात मारुती उभा आहे. जामसांवलीला तो आडवा आहे. एक बैठक बदलली तर कुठून कुठून लोक येऊन राहिले पाहा. हा माझ्या विषयाचा देव आहे."

तर तो विषय. सरांचं खरं वेड मागच्या टिनाच्या शेडमध्ये होतं. तिथं चिनी मातीची एक नळी होती, तिच्यावर हीटरची तार गुंडाळलेली, वर विटांचा चुरा थापलेला. ही भट्टी. वेल्डिंगवाल्याकडून कार्बाइडचे खडे आणून सर ते पाण्यात टाकायचे, त्याचा वायू या लाल झालेल्या नळीतून सोडायचे. वास असा यायचा की काही विचारू नका. एक म्हातारी तर लुगडं परत घेऊन आली. "याले लसणाचा वास कसा येते रे बाबू? कोणी नेसलं होतं का?" मी तणतणत शेडमध्ये गेलो.

"सर, हे काय बनवून राहिले तुम्ही? बॉम्ब?"

"धागा," सर म्हणाले.

आता धागा म्हटल्यावर मी जागचा हललो नाही. धागा हा माझा धंदा. म्हटलं दाखवा.

"दिसत नाही तो. आपल्या एका केसात असे हजारो मावतील."

"मग विकणार कसा?"

सरांनी मला स्टुलावर बसवलं. आधी स्टूल रेघेला लावलं, मग मला बसवलं. म्हणाले, "कंदिलाची काजळी पाहिली ना? ती भुकटी असते. पण तीच काजळी निकेलच्या बारीक दाण्यावर धरली, तर तिचा धागा होते. तुमच्या घरी सोऱ्या आहे? पीठ वरून घालता, दाबता, खालून शेव निघते. निकेलचा दाणा म्हणजे सोऱ्या समजा. वायू त्याच्या एका पैलूवर बसते, त्यातला कार्बन आतून सरकते, आणि दुसऱ्या पैलूतून धागा होऊन निघते. आता सोऱ्या सरळ धरला तर शेव सरळ पडते. पण दहा बायकांनी दहा दिशांना धरला तर?"

"तर भांडण होते."

"गुंता होते. दुनियेत ज्यानं ज्यानं हा धागा काढला, त्याचा गुंताच निघाला. कारण दाणे वाट्टेल तसे बसलेले असतात. मले सगळे दाणे एका बाजूनं बसवायचे आहेत. सगळ्यांचा तोच पैलू वर. मग धागाही सगळा एका घडणीचा, एका दिशेचा."

"आणि मग त्या धाग्याचं काय करायचं?"

"ते नंतरचे लोक पाहतील. आधी बैठक."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. नागपूरला एका मोठ्या संस्थेत त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टरसाहेब होते, औषधाचे नाहीत, अभ्यासाचे. त्यांच्याकडे असा मायक्रोस्कोप होता की त्यात हा धागा दिसायचा आणि त्याचा फोटो निघायचा. डॉक्टरसाहेबांनी शब्द दिला होता. एका दिशेच्या धाग्यांचा एक फोटो निघू द्या, दोन वर्षांसाठी तुम्हाला नागपूरला बोलावून घेतो. कॉलेजातून सुट्टी, राहायला क्वार्टर, खरी भट्टी, आणि शेवटी नावापुढे डॉक्टर. सरांच्या बरोबरीचे सगळे कधीच डॉक्टर होऊन मोठ्या शहरात गेले होते. सर पन्नाशीला टेकले होते. टिनाच्या त्या शेडमध्ये लसणाच्या वासात बसून हा माणूस एका फोटोची वाट पाहत होता. तो फोटो निघावा असं मलाही मनापासून वाटायला लागलं. वास जाईल, हा विचार नव्हता असं नाही, पण तेवढाच नव्हता.

एके दिवशी ऐन गर्दीत सर दुकानात आले ते दोऱ्याला लोहचुंबक बांधून. सरळ गल्ल्यापाशी आले आणि माझ्या नाण्यांवर चुंबक फिरवायला लागले. गिऱ्हाइकं कापड सोडून तिकडे पाहायला लागली. जुने रुपये टपाटप चिकटले, नवे पडून राहिले.

"हे पाहा," सर म्हणाले, "जुना रुपया शुद्ध निकेलचा आहे. नव्यात तांबं घातलं सरकारनं. मले जुने पाहिजेत. बदली देतो."

"काय करणार?"

"नथ्थूजीकडून पत्रा काढून घेतो."

"नाणं ठोकून पत्रा? पोलिसानं धरलं म्हणजे?"

"म्हणीन, रुपया तोच आहे साहेब, बैठक बदलली."

नथ्थूजी सोनार आमच्याच लायनीत बसायचा. दोन पोलादी रुळांमधून चांदी दाबून पत्रा काढायचं हातानं फिरवायचं मशीन त्याच्याकडे होतं. सरांचं म्हणणं असं की निकेल एकाच दिशेनं दाबत दाबत कागदासारखं पातळ केलं आणि मग भट्टीत तापवलं, की आतले दाणे आपोआप एका बाजूला वळून बसतात. शाळेच्या रांगेसारखे. नथ्थूजीनं रुपया हातात घेतला, चावून पाहिला, म्हणाला, "चांदी नाही हे." सर म्हणाले, "माहीत आहे." तरी त्यानं आणखी एकदा चावून पाहिला. मग काम घेतलं.

पत्रे तयार झाले, सुंदर चौकोनी, आरशासारखे. सरांनी ते तापवले, वायू सोडला, काळे झालेले तुकडे कापसात गुंडाळून नागपूरला पोचवले, आणि काही दिवसांनी फोटो घेऊन आले. दुकानात येऊन त्यांनी तो मुकाट्यानं गादीवर ठेवला. मी पाहिला. मांजरानं खेळून सोडलेली लोकर असते ना, तसं काहीतरी. एका गिऱ्हाइकानं वाकून पाहिलं आणि हळहळून विचारलं, "एक्सरे कोणाचा आहे? फार पसरलं दिसते."

त्या संध्याकाळी सर ओट्यावर बसले होते, तेव्हा माझा एक गठ्ठा तिरपा पडलेला होता. त्यांनी तोसुद्धा सरळ केला नाही. मला काळजी वाटली. मीच उठून सरळ केला.

दोन-चार दिवसांनी ते नथ्थूजीच्या दुकानात जाऊन बसले आणि म्हणाले, एक रुपया माझ्यासमोर दाबून दाखवा. मीही गेलो होतो. नथ्थूजीनं रुळांमधून पत्रा काढला, हातात घेतला, आडवा फिरवला आणि पुन्हा घातला. निघाला, पुन्हा फिरवला.

"फिरवून कायले राहिले?" सरांनी विचारलं.

"न फिरवता कसं होईल? एकाच बाजूनं दाबला तर पत्रा लांबोडा होते, कडा फाटते. चौकोनी यायला पाहिजे का नाही? माझा बापही फिरवत होता."

म्हणजे सरांनी भट्टीसमोर बसून ज्या दाण्यांना एका रांगेत बसवायचं ठरवलं होतं, त्यांना नथ्थूजीनं पितृपरंपरेनं उभे-आडवे करून आधीच गोंधळवून ठेवलं होतं. मला वाटलं सर आता चिडतील. सर हसत सुटले. डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसले. "चुकी माझी," म्हणाले. "मी तुम्हाला दाबा म्हटलं, फिरवू नका म्हटलंच नाही."

पुढचं काम नथ्थूजीच्या जिवावर आलं. पत्रा फिरवायचा नाही म्हणजे त्याला काही सुचेना. हात आपोआप वळायचा, सर मनगट धरायचे. पत्रा लांबत लांबत लुगड्याच्या काठासारखा झाला, कडा कुरतडल्यासारख्या. "कोणाला सांगू नका सर माझ्याकडून काढला म्हणून," नथ्थूजी म्हणाला. "धंद्यात नाव खराब होते." आणि सर घरी गेल्यावर त्यानं आपल्या मतानं एक चांगलं काम केलं. त्या वेड्यावाकड्या पट्टीच्या कडा कापून तिचे छोटे छोटे सुबक चौकोन केले आणि डबीत भरून पाठवले. आता कुठल्या तुकड्याची उभी बाजू कोणती, आडवी कोणती, काही कळायला मार्ग नाही. सर डबी उघडून उभेच राहिले. भट्टीत सगळे तुकडे त्यांना एकाच दिशेला ठेवायचे होते.

मग ते डबी घेऊन आत गेले. थोड्या वेळानं पाहतो तर सुमनवहिनी ओट्यावर बसल्या आहेत, मांडीवर ताट, तोंड रस्त्याकडे. एकेक तुकडा उचलत होत्या, नख असं फिरवायच्या, मग तसं, आणि ताटात ठेवायच्या. रुळाच्या बारीक ओरखड्यांची दिशा नखाला लागते म्हणे. आपण गप्पा मारता मारता वाल सोलतो, तशा सहज करत होत्या, तुकड्यांकडे एकदाही न पाहता. माझ्या मनात आलं, बाईचा तोरा तर पाहा.

या वेळी काम जमलं. भट्टी दिवसभर चालली, वीज गेली नाही. मी म्हटलं जामसांवलीची कृपा. सर म्हणाले, लाइनमनची.

तुकडे पुन्हा नागपूरला गेले, आणि फोटो द्यायला डॉक्टरसाहेब स्वतः आले, नागपूरच्या सकाळच्या पॅसेंजरनं. सरांनी मला बोलावून घेतलं. डॉक्टरसाहेब जाडजूड, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी लिफाफ्यातून मोठा फोटो काढून टेबलावर ठेवला. मी कापडवाला माणूस, मला दुसरं काय कळणार, पण मी वाकून पाहतच राहिलो. काळ्यावर करड्या रेघा, शेजारी शेजारी, एका बाजूला झुकलेल्या. वाऱ्यात गव्हाचं वावर असते तसं.

"बारंगे, हे टिनाच्या शेडमध्ये झालं असं मी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "आता बस झालं इथलं. पुढच्या महिन्यात या. सगळं ठरवून आलोय."

बोलण्याच्या भरात त्यांनी आपली खुर्ची सरसर ओढून सरांच्या जवळ आणली आणि सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सर उठायला लागले, खुर्चीकडे पाहून काहीतरी म्हणणारही होते, पण तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. नेहमीसारख्या ताठ, सरळ, झपझप. आल्या त्या खुर्चीवर धडकल्या. ट्रे उलटला, कप फुटले, डॉक्टरसाहेबांच्या पँटवर चहा.

"माझी चूक," सर म्हणाले. "खुर्ची मी सरकवली होती."

खुर्ची कोणी सरकवली ते मी पाहिलं होतं. डॉक्टरसाहेब पँट झटकत "असू द्या, असू द्या" करत होते. वहिनी खाली बसून तुकडे गोळा करायला लागल्या. कपाचा एक मोठा तुकडा, टोक वर करून, दिवसाउजेडी त्यांच्यासमोर पडला होता आणि त्यांचा हात त्याच्या बाजूची फरशी चाचपत होता. सर अगदी हळू, वर्गात हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात म्हणाले, "उजवीकडे. वीतभर." हात उजवीकडे वीतभर गेला आणि तुकडा उचलला.

कपाचा कान, चपला, ओट्यावरचे गठ्ठे, सौंसरचं पान, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

चहा पुन्हा झाला. मग सर म्हणाले, "साहेब, सगळी पद्धत मी लिहून देतो. पत्रा कसा दाबायचा, किती तापवायचा, सगळं. तुमच्या कोणा हुशार पोराला द्या. मले येणं जमणार नाही."

डॉक्टरसाहेबांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नाही हे कळल्यावर ते चिडले, मग समजावू लागले, मग पुन्हा चिडले. कारण विचारलं. सर म्हणाले, "इथली भट्टी आता नीट बसली आहे." यापलीकडे एक शब्द नाही. डॉक्टरसाहेबांना स्टेशनवर सोडायला मीच गेलो. गाडीत चढताना ते म्हणाले, "समजवा हो या माणसाला. वेडा आहे तो."

"हाव," मी म्हटलं. "वेडाच आहे."

परत आलो तो थेट त्यांच्या घरी. सर मागे शेडमध्ये होते. वहिनी खिडकीपाशी उजेडात बसल्या होत्या, हातात तो फोटो. डोळ्यांसमोर धरून तो हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकवत होत्या.

"कोण?"

"मी आहे वहिनी."

"बसा भाऊ." मग म्हणाल्या, "तुम्ही पाहिलं म्हणा."

"पाहिलं."

त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, भाजीचे भाव सांगावे तसं. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग बाजूचं. आता अगदी समोरचं चिमूटभर तेवढं दिसते, कागदाच्या पोंगळीतून पाहावं तसं. मोठमोठे डॉक्टर झाले, औषध नाही, पोंगळी बारीक होत जाणार. "लोकांना कळू द्यायचं नव्हतं मला. कीव करतात लोक, मग दारात येऊन च्च च्च करतात. सर म्हणाले, नको सांगू. लोकांनी तुझ्याकडे पाहू नये असं वाटते ना, मग ते माझ्याकडे पाहून हसतील. मी आहे ना त्यासाठी."

"म्हणजे ते कप आणि चपला, ते सगळं सोंग?"

वहिनी हसल्या. "सोंग कशाचं? वेड आधीपासूनचंच. लग्नात माझ्या मुंडावळ्या सरळ करून राहिले होते, भटजी थांबला होता. पुढे ते वेड माझ्या कामी आलं, एवढंच."

"आणि नागपूर?"

"मी म्हटलं जाऊ ना. मी येते. तर म्हणाले, नवं घर पाठ करायला तुला वर्ष लागेल. उरलेलं दिसणं भिंती आणि उंबरे पाहण्यात घालवू नको." त्यांनी फोटो पुन्हा समोर धरला. "त्यापेक्षा हे पाहा म्हणाले. भाऊ, एक सांगा. मला एका वेळी थोडेच दिसतात म्हणून विचारते. सगळे एकाच बाजूला आहेत ना?"

मी वाकून पाहिलं. नीट पाहिलं. म्हटलं, "हाव वहिनी. सगळे."

"डाव्या कोपऱ्यात तिरपे आहेत थोडे," मागून सरांचा आवाज आला. ते हात पुसत दारात उभे होते. "खोटं नका सांगू तिला."

मला राग यायचा तो तेव्हा आला. म्हटलं, "सर, अख्खी उमर काढली तुम्ही या एका फोटोसाठी. आणि आता निघाला तर सोडून देऊन राहिले?"

"सोडला कुठं?" सर म्हणाले. "धागा निघाला ना. ज्यानं पाहायचा त्यानं पाहिला."

आणि डॉक्टरसाहेबांनी ओढलेली ती खुर्ची अजून तिथंच होती, ती त्यांनी उचलून फरशीच्या रेघेला लावली.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून माल आला. हमालानं नेहमीप्रमाणे गठ्ठे ओट्यावर टाकले. मी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. म्हटलं, या रेघेच्या अलीकडे माल, पलीकडे काही नाही, दोरीसुद्धा नाही. हमाल म्हणाला, "शेठ, तुम्हीपण बैठक सर झाले का?"

"हाव," मी म्हटलं, "झालो."

तेवढ्यात वहिनी दारातून बाहेर आल्या, भिंतीला बोटं लावून. त्यांनी विचारायच्या आत मी म्हटलं, "मी आहे वहिनी. रस्ता मोकळा आहे."